जुन्या टर्बो डिझेल गाडीची ताकद कशी वाढवावी? आधी हरवलेली ताकद शोधा!



११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. आपल्या वाशीम जिल्ह्यातून, म्हणजे कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून हा रस्ता जातो. तेव्हापासून एक प्रश्न फार कानावर येतो : "सर, आमची डिझेल गाडी दहा-बारा वर्षं जुनी आहे. आता ओढत नाही. चिप टाकली तर पिकअप वाढेल का?"

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अशी गाडी असेल. सेकंडहँड घेतलेली स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टा, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ. रात्री-अपरात्री पेशंटला अकोल्याला न्यायचं तर हीच गाडी बाहेर निघते. त्यामुळे ती नीट चालणं हा शौकाचा विषय नाही. गाडीवर पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत, हे घरातल्या शिकणाऱ्या मुलाला कळलं पाहिजे. 'मेकॅनिक डिझेल' आणि 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' ट्रेडच्या मुलांना तर हा पाठ थेट उपयोगी आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना यात वायूंचे नियम प्रत्यक्षात दिसतील.

या पाठाचं सार सुरुवातीलाच सांगतो. जुन्या टर्बो गाडीत नवी ताकद भरण्याआधी तिची हरवलेली ताकद शोधायची असते. बहुतेक वेळा ती फिल्टरमध्ये, फाटक्या नळीत किंवा काजळीत अडकलेली असते.

१) टर्बो म्हणजे काय?

लोहाराची भट्टी आठवा. नुसता कोळसा टाकत गेलं तर भट्टी धुमसते, धूर होतो, पण लोखंड लाल होत नाही. भाता मारला, हवा गेली, की तोच कोळसा फुलतो. डिझेल इंजिनचंही असंच आहे. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनला त्याहून जास्त हवा द्यावी लागते, कारण फवारलेलं डिझेल हवेत मिसळायला वेळ फार थोडा मिळतो.

टर्बो हा इंजिनचा भाता आहे. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. एक चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने फिरतं. त्यासोबत दुसरं चाक फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे वाया जाणारा धूरच भाता मारतो! ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं आहे. मोटारींतल्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, आणि हे सगळं इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तोललेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

फरक किती पडतो ते पाहा. पुण्यात बनलेली टाटा इंडिका १९९८ साली आली, तेव्हा तिच्या १४०५ सीसीच्या साध्या डिझेल इंजिनची ताकद ५३.५ पीएस होती. पुढे टर्बो आणि कॉमन रेल घेऊन आलेल्या डायकॉर इंजिनाने १३९६ सीसीतच ७० पीएस दिले. इंजिनचा आकार जवळपास तोच. फरक हवेचा आणि डिझेल फवारण्याच्या पद्धतीचा.

२) गाडी किती हवा पिते? एक सोपं गणित

आपल्याकडे स्विफ्ट डिझेल, व्हिस्टा क्वाड्राजेट, फियाट पुंटो अशा अनेक गाड्यांत एकच १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. आपल्या महाराष्ट्रात ते रांजणगावला बनत असे. ते उदाहरण घेऊ.

चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. २००० आरपीएमला मिनिटात १००० श्वास झाले. सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं, तर :

१.२४८ लिटर × १००० = १२४८ लिटर हवा प्रति मिनिट
१२४८ × ६० = ७४,८८० लिटर, म्हणजे सुमारे ७५ घनमीटर प्रति तास

६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच अशा वर्गखोलीत बरोबर ७५ घनमीटर हवा मावते. म्हणजे टर्बो नसताना ताशी एक वर्गखोली! टर्बोने हवेवर आणखी एक बारचा दाब दिला, तर जवळजवळ दोन वर्गखोल्या. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते.

आता ऑक्टोबर महिना डोळ्यांपुढे आणा. सोयाबीनची काढणी चालू आहे, रस्त्याकडेला मळणीयंत्र भुसा उडवतंय, पांदण रस्त्याची काळी धूळ गाडीमागे लोळतेय. दोन वर्गखोल्या भरून ही हवा दर तासाला फिल्टरमधून गेली, तर फिल्टरचं काय होईल? पुस्तिकेत दिलेला फिल्टर बदलण्याचा टप्पा हा साधारण रस्त्यांसाठी असतो. धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदलावा, असं त्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपला भाग धुळीचाच धरा.

३) वाशीमचा उन्हाळा आणि उंची

वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. त्यात मे महिन्याचं ऊन. हवा तापली की पातळ होते. १५ अंशांच्या आणि ४५ अंशांच्या हवेची घनता ताडून पाहू. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं :

(२७३ + १५) ÷ (२७३ + ४५) = २८८ ÷ ३१८ = ०.९०

म्हणजे नुसत्या उन्हाने हवा ९ ते १० टक्के कमी झाली. "उन्हाळ्यात गाडी मरगळते" असं आपण म्हणतो, ते उगाच नाही. एसीचा भार वेगळाच.

शिवाय हवा दाबली की ती आणखी तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांच्या वर सहज जाते. म्हणून अनेक गाड्यांत ती थंड करायला इंटरकूलर असतो. समजा १४० अंशांची हवा त्याने ७० अंशांवर आणली, तर घनता ४१३ ÷ ३४३ = १.२० पट होते. म्हणजे त्याच दाबात २० टक्के जास्त हवा. आता समोरच्या इंटरकूलरच्या जाळीत माती आणि किडे भरले असतील, तर हा फायदा फुकट जाणार. जाळी मोकळी करायला फक्त पाणी लागतं. प्रेशर मात्र हलकं ठेवा, नाहीतर पातळ पाकळ्या वाकतात.

४) तपासणीचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

गाडी ओढत नाही म्हटलं की काही जण थेट टर्बो बदलायला सांगतात. घाई करू नका. पुढचा क्रम वहीत उतरवून घ्या.

*पहिलं, इंजिनबाहेरचं :* टायरमध्ये हवा कमी आहे का? ब्रेक धरून राहतो का? थोडं चालवून थांबल्यावर एकाच चाकाची रिम जास्त गरम लागत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकतोय. चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय. इथे टर्बोचा काहीच दोष नाही.

*दुसरं, एअर फिल्टर :* काढून बघा. फिल्टरबरोबर त्याच्या डब्याची पकडही पाहा. रबर नीट बसलं नसेल तर धूळ बाजूने आत जाते आणि टर्बोचं चाक घासते.

*तिसरं, हवेच्या नळ्या :* जुन्या गाडीत सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्या उन्हाने आणि ऑइलच्या वाफेने कडक होतात, चिरतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर 'फुस्स' किंवा शिट्टीसारखा आवाज, सोबत काळा धूर आणि नळीच्या जोडाशी ऑइलचा ओला डाग, ही खूण. वर्कशॉपमध्ये नळीत बेताचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, पंक्चर काढताना येतात तसे.

*चौथं, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या :* टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या ॲक्च्युएटरला अनेक गाड्यांत बारीक नळीतून व्हॅक्यूम मिळतो. ती नळी चिरली तर टर्बो चांगला असूनही दाब बनत नाही. नळी काही रुपयांची असते, पण तिच्यापायी बिल टर्बोचं होऊ शकतं.

*पाचवं, डिझेल फिल्टर :* त्यातलं पाणी वेळेवर काढा. पाण्याने इंजेक्टर आणि पंप दोन्ही खराब होतात. स्वस्त मिळतं म्हणून कॅनमधलं सुटं डिझेल किंवा 'बायोडिझेल' भरू नका.

*सहावं, ईजीआर आणि सेन्सर :* ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात पाठवतो. त्यामुळे विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. काजळीने तो उघडाच अडकला, तर ताज्या हवेची जागा धूर घेतो. तो काढून साफ करायचा, बंद करून टाकायचा नाही. हवा मोजणारा सेन्सर फार नाजूक असतो, तो त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच साफ करतात.

*सातवं, इंजेक्टर :* चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून इंजिन चालवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमेल, तो इंजेक्टर गळतोय. ही तपासणी जाणत्या मेस्तरीकडूनच करून घ्या. महत्त्वाची सूचना : कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना तिथला नट कधीही सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम दिसते टाचणीएवढी, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर लगेच दवाखाना गाठा.

*आठवं, टर्बो :* इंजिन बंद आणि थंड असताना नळी काढून चाक बोटाने फिरवून बघतात. आडवा किंचित हलला तर चालतं. पण दांडा पुढे-मागे सरकत असेल, किंवा पाती आतल्या भिंतीला घासत असतील, तर टर्बो गेला. तो बदलण्याआधी तो का गेला ते शोधा. ऑइलची नळी चोंदलेली असेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल.

आणखी एक खूण. गाडी चढावर अचानक मंदावते आणि बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते? मग बहुधा इंजिनच्या कॉम्प्युटरने स्वतःहून ताकद कमी केलेली असते. स्कॅनर लावून कोड वाचा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांत मात्र स्कॅनरचा उपयोग नाही, तिथे डोळा आणि कानच कामाचे.

५) धूर काय सांगतो?

- काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. भट्टीचा भाता फाटलेला.
- निळसर धूर : ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग पाहा.
- पांढरा धूर : न जळलेलं डिझेल किंवा पाणी. थंडीत सुरुवातीला थोडा येतो, तो सोडून द्या.

"काळा धूर म्हणजे गाडीत दम आहे" असं काही जण समजतात. खरं तर तो खिशातला पैसा आहे, अर्धवट जळून बाहेर पडणारा.

६) सोडवलेलं उदाहरण

७५ पीएसचं मल्टिजेट इंजिन २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क देतं. नळी गळत असल्याने टॉर्क समजा २० टक्के घटला. ताकद किती गेली?

सूत्र : किलोवॅट = टॉर्क × आरपीएम ÷ ९५४९

चांगली गाडी : १९० × २००० ÷ ९५४९ = ३९.८ किलोवॅट, म्हणजे सुमारे ५४ पीएस
गळकी गाडी : १५२ × २००० ÷ ९५४९ = ३१.८ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४३ पीएस

फरक ११ पीएसचा. आणि हा फरक कुठे जाणवतो? अकोल्याहून येताना पातूरचा घाट चढताना, गाडीत पाच माणसं आणि सामान असताना. तिथेच इंजिन कमी आरपीएमला जोर लावत असतं. ती नळी बदलली की हे ११ पीएस परत. याला म्हणतात हरवलेली ताकद शोधणं.

७) मग चिप आणि रीमॅपचं काय?

रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं : डिझेल किती, केव्हा आणि टर्बोचा दाब किती. बाहेरून जोडायच्या अनेक डब्या याहून साधं काम करतात. रेलमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा निरोप त्या मध्येच बदलतात. दाब पुरेसा असतो, पण डबी कॉम्प्युटरला सांगते, "कमी आहे." कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. खोटा निरोप देणारा मध्यस्थच म्हणा ना!

यातून जोर खरोखर वाढतो, ते नाकारायचं कारण नाही. पण तो कुठून येतो ते बघा. नळी फाटकी, फिल्टर चोंदलेला आणि वरून डिझेल जास्त, म्हणजे भाता फाटका आणि कोळसा दुप्पट. धूर तापतो, टर्बो आणि पिस्टनवर भार येतो. १९० चा टॉर्क २४० केला, तर जुन्या क्लचवर २६ टक्के जास्त जोर पडतो.

इथे कुणी म्हणेल, "पण सर, हेच इंजिन कंपनीने ९० पीएसचंही विकलं की!" बरोबर आहे. १२४८ सीसीचंच इंजिन ७५ आणि ९० अशा दोन ताकदींत मिळत असे. पण ९० वाल्याचा टर्बोच वेगळा. त्यातली पाती गरजेप्रमाणे कोन बदलतात. ७५ वाल्याचा टर्बो साधा, स्थिर पात्यांचा. कंपनीने केवळ आकडे बदलले नव्हते, यंत्र बदललं होतं. आपण फक्त आकडे बदलून तेवढाच भरवसा कसा ठेवणार?

कायद्याची बाजूही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. धूर वाढला तर पीयूसी अडेल. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते. आणि गाडी १५ वर्षांची झाली की एमएच-३७ ची नोंदणी पुढे चालू ठेवायला आरटीओची तपासणी आहेच.

८) वेगाआधी थांबणं

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. वेग ६० वरून १२० झाला, तर गाडीची गतिज ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. ही चौपट ऊर्जा ब्रेकलाच जिरवायची असते. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर आधी टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन, मग इंजिन. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी असा टायर म्हातारा झालेला आहे. उन्हाळ्यात, भरल्या गाडीने, लांबच्या सिमेंट रस्त्यावर त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

चालवायच्या दोन सवयीही लावून घ्या. गाडी सुरू केल्याबरोबर रेस करू नका, ऑइल टर्बोपर्यंत पोहोचू द्या. आणि महामार्गावरून किंवा घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन साध्या गतीवर राहू द्या. मघाशी म्हटलं ते आठवा : टर्बोचा दांडा ऑइलच्या थरावर तोललेला असतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो आणि तापलेल्या टर्बोत राहिलेलं ऑइल करपून त्याची खर जमते. ऑइल योग्य ग्रेडचंच घाला आणि आपली धूळ पाहता थोडं लवकर बदला.

९) फरक मोजा, अंदाज नको

काम करण्याआधी आणि नंतर टाकी काठोकाठ भरून अ‍ॅव्हरेज काढा. समजा आधी ४२० किमीला २८ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज १५. नंतर तेवढ्याच अंतराला २५ लिटर लागले, तर १६.८. म्हणजे १२ टक्के सुधारणा. रस्ता तोच, माणसं तेवढीच आणि पंपही तोच ठेवा. एका वेळी एकच दुरुस्ती करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. हीच प्रयोगाची शिस्त.

एवढं सगळं करूनही कुणाला जास्त ताकद हवीच असेल, तर त्याने मोठ्या इंजिनची गाडी बघावी. पण या यादीतली पहिली पाच कामं झाल्यावर अनेकांची चिपची इच्छा आपोआप मावळते, कारण गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढू लागलेली असते.

स्वाध्याय

१. टर्बोचा दांडा कोणत्या ऊर्जेने फिरतो? दोन वाक्यांत सांगा.
२. २१७९ सीसीचं स्कॉर्पिओ इंजिन १८०० आरपीएमला, टर्बोचा दाब नसताना, मिनिटाला किती लिटर हवा घेईल?
३. चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही. दोष कुठे शोधाल? का?
४. ताशी ८० आणि १०० किमी वेगाच्या गतिज ऊर्जेचं गुणोत्तर काढा.
५. कृती : घरच्या किंवा शेजारच्या गाडीचा एअर फिल्टर, चारही टायरची तारीख आणि धुराचा रंग मोठ्यांच्या मदतीने तपासा. काय आढळलं ते तक्त्यात लिहा आणि वर्गात दाखवा.